आमची वाटचाल : केळीच्या बागेतून नाल्याच्या काठावर

आमचं दुकान चोपडा तालुक्यातलं. पाइप, फिल्टर, लॅटरल (थेंब सोडणारे ड्रिपर बसवलेल्या बारीक नळ्या) विकायचे आणि केळीच्या बागेत ठिबक बसवून द्यायचं, एवढाच धंदा. २०१६ मध्ये शेजारच्या गावचे सरपंच दुकानात आले. नाला खोल करून झाला होता, काठ उघडे पडले होते, दर पावसात काळी माती ढासळून परत नाल्यातच. "झाडं लावलीत भाऊ, पण उन्हाळा काढतील का? पाण्याचं तुम्ही बघा."

आम्ही केळीचाच हिशोब तिथं लावला. रोज तासभर पाणी. मार्चात करंज, जांभूळ हिरवेगार. मी फोटो काढून गावभर पाठवले. पावसाळ्यातल्या पहिल्याच पुरात खालच्या दोन ओळी गेल्या, लॅटरलसकट. काठाला अडकलेलं एक रोप उचललं, तर मुळं जेमतेम वीतभर, ड्रिपरखालच्या ओल्या गोळ्यातच गुरफटलेली. तिथले एक म्हातारे सालदार म्हणाले, "पानी वरवर देशी, तं मूळ खाले कसाले जाई?" चार वर्षं ठिबक विकून हे मला कळलं नव्हतं.

आता पहिला महिना दिवसाआड पाणी, मग आठवड्यातून एकदाच, पण ताशी चार लिटरच्या ड्रिपरने सलग पाच तास. म्हणजे झाडाला वीस लिटर. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांनी. वरचं कोरडं पडतं, ओल खाली राहते, मूळ तिच्या मागे जातं.

लॅटरल उतारावरून खाली सोडत नाही, नाल्याला समांतर ओढतो. दहा मीटर खाली गेलं की दाब चौरस सेंटिमीटरला किलोभर वाढतो; वरची रोपं तहानलेली आणि खालची चिखलात. आणि वैशाखात काळ्या मातीच्या भेगा! ड्रिपरचं पाणी त्यातून सरळ पाताळात. म्हणून भेगा खुरप्याने बुजवतो आणि बुंध्याशी केळीच्या खांबाचे तुकडे पसरतो. घड कापल्यावर खांब बांधावर पडलेलेच असतात, फुकट मिळतात. पाण्यालगतच्या ओळीत आता झाड लावतच नाही, वाळा आणि निर्गुडी लावतो. पूर आला की ती वाकतात आणि परत उभी राहतात.

या कामात केळीएवढा पैसा नाही. दर जगलेल्या झाडावर ठरतो, बिलं उशिरा निघतात आणि तिसऱ्या वर्षी आपलाच माल गुंडाळून न्यायचा असतो. मृग लागायच्या आत लॅटरल काढा, म्हणून पोरांना दरवर्षी फोन करतो. तरी मागच्या साली एका ठिकाणी राहिल्याच. त्यातली एक अजून खालच्या वळणावर बाभळीला लटकलेली आहे.