थंडीतला कॅम्पर: ऊब हवीच, पण आधी हवा

परवा ओळखीतल्या एका मुलाचा फोन आला. शिकायला इकडे परदेशात आलाय. मित्रांनी मिळून गाडीमागे जोडून न्यायचा, आत राहायची सोय असलेला एक जुना, छोटा ट्रेलर विकत घेतलाय आणि सुट्टीत बर्फाच्या भागात फिरायला जायचा बेत आहे. "ताई, त्यातला हीटर बंद आहे. पण गॅसची शेगडी चालतेय. रात्रभर बारीक करून ठेवली तर चालेल ना?"

मी म्हटलं, "अजिबात नाही. हीटर दुरुस्त होईपर्यंत थंडीत त्यात झोपायलाच जाऊ नकोस."

मग बराच वेळ बोललो. त्याला सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते. इकडे कॅम्पर, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी किंवा ट्रेलर, भाड्याने घेऊन फिरणारी आपली मंडळी पुष्कळ आहेत. भेटीला आलेले आईवडीलही बरोबर असतात, लहान मुलं असतात. बाहेर उणे तापमान, आत ऊब आणि काचेपलीकडे बर्फ, हे सुख खरंच मोठं आहे. ते निर्धास्तपणे घेता यावं, एवढ्यासाठी हा लेख.

सुरुवात एका हिशोबाने करते. लहान ट्रेलर आतून साधारण चार मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि जेमतेम माणूस उभा राहील एवढा उंच असतो. म्हणजे पंधरा घनमीटर हवा, आणि तिच्यात ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. शेगडीचा एक बर्नर मध्यम आचेवर तासाला १०० ग्रॅम गॅस जाळतो असं धरा. तेवढ्यासाठी त्याला जवळजवळ पावणेतीनशे लिटर ऑक्सिजन लागतो. ट्रेलर पूर्ण बंद असेल तर दीड-पावणेदोन तासांत ऑक्सिजन १८ टक्क्यांवर येतो, आणि त्यात झोपलेल्या माणसांचा श्वास मी धरलेलाच नाही. प्रत्यक्षात फटी असतात, थोडी हवा येत-जात राहते. पण थंडी वाजू लागली की माणूस त्याच फटी आधी बुजवतो.

ऑक्सिजन कमी पडला की ज्योत नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो आणि ज्वलनात तो जळून जातो, त्यामुळे धुरात तो आपल्याला सावध करत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनला जेवढं धरतं त्याच्या दोनशेहून अधिक पट घट्टपणे या वायूला धरतं. आधी डोकं दुखतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं होतं. दिवसभर गाडी चालवून, थंडीत फिरून आलेल्या माणसाला हे सगळं थकव्याचं वाटतं आणि तो झोपायला जातो. झोपलेल्या माणसाला तर ही लक्षणं कळतही नाहीत. शेगडीच्या बाबतीत मी इतकी हट्टी आहे ती यामुळे. कोळशाची शेगडी त्याहून घातक. वरून विझल्यासारखी दिसली तरी ती हा वायू सोडत राहते. ती आत आणायचीच नाही, दार उघडं ठेवूनसुद्धा नाही.

मग ऊब आणायची कशी? माझ्या मते बंदिस्त ज्वलनाचा हीटर हाच खरा उपाय. कॅम्परमध्ये कारखान्यातूनच बसवलेला गॅसचा हीटर बहुधा असाच असतो. त्याची ज्योत एका बंद धातूच्या पेटीत जळते, बाहेरची हवा घेते आणि धूर बाहेरच सोडते. आतली हवा त्या तापलेल्या पेटीच्या बाहेरून फिरून गरम होते. दोन्ही हवा एकमेकींना कुठेही भेटत नाहीत. हीटर निवडताना, विकत घेताना, भाड्याच्या गाडीत शिरताना एकच प्रश्न विचारायचा: ज्योत श्वास कुठून घेते आणि कुठे सोडते? दोन्हींचं उत्तर "बाहेर" असं असेल तरच पुढचं बोलायचं.

पण चांगल्या यंत्रालाही राखावं लागतं. जुन्या हीटरची ती धातूची पेटी गंजून तडकू शकते, आणि मग धूर थेट आत येतो. म्हणून मोसम सुरू होण्याआधी जाणकाराकडून तपासणी करून घ्यायचीच. उन्हाळ्यात गाडी उभी असताना धुराच्या तोंडात, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या नळीच्या टोकात, किडे-गांधीलमाश्या घरटी करतात, तीही तेव्हाच निघतात. हिवाळ्यात मुख्य शत्रू बर्फ. रात्री जोराचा बर्फ पडला, किंवा रस्ता साफ करणाऱ्या यंत्राने कडेला ढीग लावला, की धुराचं तोंड बुजतं. सकाळी उठल्यावर आणि झोपण्यापूर्वी हातात फावडं घेऊन एक चक्कर मारायची. ट्रेलरला बाजूने तंबू जोडणाऱ्यांनी तर आणखी जपायला हवं. धुराचं तोंड त्या तंबूत उघडत असेल तर धूर तिथे साठतो आणि दारातून आत येतो. शेजारच्याचा जनरेटर किंवा ऊब यावी म्हणून चालू ठेवलेलं गाडीचं इंजिन यांचा धूरही आपल्या खिडकीतून येऊ शकतो.

डिझेलवर चालणारे छोटे हीटर आता फार लोकप्रिय झालेत. तत्त्व तेच, बंदिस्त ज्वलनाचं. दोन ते पाच किलोवॅटचं यंत्र छोट्या गाडीला पुरून उरतं. पण हे पुष्कळजण स्वतःच बसवतात आणि तिथेच माझा जीव वर-खाली होतो. धुराच्या नळीचे जोड गाडीच्या आत असता कामा नयेत. नळी प्रचंड तापते, म्हणून लाकूड, फोम, वायर यांच्यापासून ती लांब हवी. आणि हवा घेणारी नळी धुराच्या तोंडाजवळ नको, नाहीतर हीटर स्वतःचाच धूर ओढत राहतो. बंद करताना सरळ बॅटरीची तार काढायची नाही. बटणाने बंद केल्यावर पंखा काही मिनिटं फिरून यंत्र थंड करतो, तेवढं होऊ द्यावं.

छोट्या सिलिंडरवर ठेवायचे फिरते गॅस हीटर दुकानात दिसतात. त्यांच्या खोक्यावर "घरात वापरता येईल" असंही लिहिलेलं असतं. ऑक्सिजन १८ टक्क्यांच्या आसपास उतरला की बंद पडणारी सोय त्यांतल्या चांगल्या हीटरना असते आणि ती खरोखर उपयोगी आहे. मात्र ती ऑक्सिजन पाहते, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. शिवाय हे हीटर आपला धूर आतच सोडतात. उंच डोंगरावर विरळ हवेमुळे ते मध्येच विझूही शकतात. जागे असताना, छतावरची झडप आणि एक खिडकी थोडी उघडी ठेवून, अर्धा तास गारठा मोडायला वापरले तर ठीक. झोपेत कधीच नाही.

विजेची जोडणी असलेल्या जागी मुक्काम असेल तर सगळ्यात निर्धास्त मार्ग म्हणजे तेलाचा रेडिएटर, म्हणजे आत बंद असलेलं तेल विजेने तापवणारा हीटर. ते तेल जळत नाही. ज्योत नाही, धूर नाही, लालबुंद तार नाही. मात्र १५०० वॅटचा हीटर १२० व्होल्टवर साडेबारा अँपिअर ओढतो आणि २३० व्होल्टवर साडेसहा. तो रात्रभर चालला की कच्चा प्लग, ढिला सॉकेट, बारीक वायर हे सगळं तापू लागतं. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर पूर्ण उलगडायची, कारण गुंडाळीत उष्णता कोंडते आणि वरचं आवरण वितळतं. हीटर लावून अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर हीटर बंद करा आणि तो जोड वापरू नका.

"बॅटरीवर विजेचा हीटर चालवू" असं म्हणणारेही भेटतात. १२ व्होल्टची १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. १५०० वॅटचा हीटर ती तासाच्या आतच रिकामी करेल. शिवाय थंडीत लेड-ॲसिड बॅटरीची क्षमता घटते आणि लिथियमची बॅटरी शून्याच्या खाली चार्ज केली तर कायमची खराब होऊ शकते. बॅटरी राखून ठेवायची ती गॅस किंवा डिझेल हीटरच्या पंख्यासाठी. मध्यरात्री बॅटरी उतरली की पंखा थांबतो आणि हीटरही थांबतो. बॅटरीवर ऊब हवीच असेल तर पन्नास-साठ वॅटचं विजेचं पांघरूण परवडतं.

सिलिंडर कोणता, हेही थंडीत महत्त्वाचं. ब्यूटेन शून्य अंशाच्या जरा खालीच उकळतं, म्हणजे पाणी गोठतंय अशा थंडीत त्याची वाफच होत नाही. प्रोपेन उणे ४२ पर्यंत वायू होतं. मिश्रणाच्या सिलिंडरमधून आधी प्रोपेन निघून जातं आणि ब्यूटेन मागे राहतं, त्यामुळे सिलिंडर हलवला की आत गॅस डुचमळतो पण हीटर पेटत नाही. कडाक्याच्या थंडीत शुद्ध प्रोपेनच घ्या. सिलिंडर ज्योतीने किंवा गरम हवेने तापवायचा प्रयत्न करू नका. हे वायू हवेपेक्षा जड असतात, गळती झाली की खाली साठतात. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोकं असतात. गार वारा येतो म्हणून ती बुजवणारे मी पाहिलेत. ती भोकं उघडीच राहिली पाहिजेत.

आता ओल. ही गोष्ट जिवावर बेतत नाही, पण मुक्कामाचा आनंद मात्र घालवते. १०० ग्रॅम प्रोपेन जळलं की १६० ग्रॅमच्या आसपास पाणी तयार होतं. धूर आत सोडणारा हीटर म्हणजे ते सगळं पाणी तुमच्या भिंतींवर. शिवाय झोपलेली दोन माणसं श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात अर्धा लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. काचा थेंबाळतात, गादीची खालची बाजू भिजते, बुरशी येते, आणि ओलं अंथरूण ऊब धरत नाही. म्हणून थंडी कितीही असो, छताची झडप बोटभर उघडी. भांड्यावर झाकण ठेवून शिजवायचं, ओले कोट बाहेरच्या कप्प्यात, गादीखाली हवा खेळेल अशा फळ्या. थोडी ऊब बाहेर जाते, जाऊ द्या.

खरं तर रात्री सगळा ट्रेलर तापवण्यापेक्षा माणूस गरम ठेवणं सोपं पडतं. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचा आरामाचा (कम्फर्ट) तापमानाचा आकडा वाचा. शेजारी छापलेला टोकाचा आकडा फक्त जीव वाचण्याचा असतो, झोपेचा नव्हे. डोक्यावर लोकरी टोपी, पायाशी गरम पाण्याची पिशवी, खिडक्यांना जाड आवरण. मग हीटर दहा-बारा अंशांवर ठेवला तरी छान झोप लागते.

आणि अलार्म. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म नसेल तर मी त्या गाडीत झोपत नाही. युरोपात कॅरॅव्हॅन आणि बोटींसाठी ईएन ५०२९१-२ हे मानक आहे, अमेरिकेत यूएल २०३४. खोक्यावर ते पाहून घ्या. त्यातला सेन्सर काही वर्षांत निकामी होतो, मागे बदलायची तारीख छापलेली असते. जुन्या ट्रेलरमध्ये ती बहुतेक उलटून गेलेली सापडते. हा अलार्म झोपण्याच्या उंचीच्या आसपास हवा. गॅसगळतीचा अलार्म वेगळा, आणि तो जमिनीलगत. मुक्कामाला पोचल्यावर दोन्हींची बटणं दाबून आवाज ऐकायचा. दार आणि आणीबाणीची खिडकी बर्फाने चिकटलेली नाही ना, हेही तेव्हाच बघायचं.

अलार्म वाजला तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांना उठवा, मुलांना उचला, अंगावर असेल त्या पांघरुणासकट बाहेर पडा. सिलिंडर बाहेरून बंद करता आला तर करा आणि आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. मोकळ्या हवेत बरं वाटलं म्हणून परत आत जाऊन झोपू नका. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, रुग्णालयात शुद्ध ऑक्सिजनवर ते काम तास-दीड तासात होतं. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर आता बहुतेकांच्या बॅगेत असतो, पण इथे त्यावर विसंबू नका. त्याला ऑक्सिजन धरलेलं आणि कार्बन मोनॉक्साइड धरलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, आणि विषबाधा झालेल्या माणसाचा आकडाही तो ९८ दाखवू शकतो. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा की गाडीत हीटर चालू होता आणि अलार्म वाजला, म्हणजे ते रक्ताची नेमकी तपासणी करतील.