पाट, माती आणि महिन्याचा पगार

“बारा इंची मूर्तीचे किती घेणार?” असं मला पहिल्यांदा शेजारच्या काकूंनी विचारलं, तेव्हा माझ्या तोंडून आकडाच निघेना. “द्या तुम्हाला वाटेल ते,” म्हणाले. त्यांनी पाचशे दिले. त्या मूर्तीवर माझ्या दोन रात्री गेल्या होत्या. ही २०१८ ची गोष्ट. तेव्हा मी डोंबिवलीत एका कंपनीच्या हिशेब विभागात नोकरीला होते आणि गणपतीच्या मूर्ती बनवणं ही माझी हौस होती. त्या वर्षी सात मूर्ती केल्या. आज मूर्तिकाम हाच माझा व्यवसाय आहे. मधल्या वर्षांत काय काय झालं ते लिहिते आहे, कारण हे काम सुरू करू पाहणाऱ्या बऱ्याच जणी मला तोच प्रश्न विचारतात: यावर घर चालतं का?

भाव सांगताना जीभ का अडायची, याचं मूळ आजोळात आहे. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या गावी मामाच्या पडवीत गणपतीची शाळा असायची. आमच्याकडे मूर्ती घडवण्याच्या जागेला कुणी कारखाना म्हणत नाही, शाळाच म्हणतात. नागपंचमीच्या आधी वाडीतले लोक आपापला पाट घेऊन यायचे, पाटावर नारळ आणि विडा. मामा पाटाच्या मागे खडूने घराचं नाव लिहायचा आणि कोपऱ्यात उभा करून ठेवायचा. किती घेणार हे कुणी विचारत नसे, मामा सांगत नसे. मूर्ती न्यायला आलं की लोक पैसे ठेवायचे, कुणी सोबत तांदूळ आणायचं, कुणी परसातल्या काकड्या. मामाची शेती होती, नारळी होती. शाळा हे त्याचं व्रत होतं, पोट दुसरीकडून भरत होतं. मी मात्र ते व्रत उचलून शहरात आणलं आणि त्यावर घर चालवायला निघाले.

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात राज्य सरकारने घरगुती मूर्तीची उंची दोन फुटांपर्यंत ठेवायला सांगितली. त्याच वर्षी मे महिन्यात पीओपीच्या, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, मूर्तींना मनाई करणारी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली आणि ‘पीओपी नको, शाडूच हवी’ असं म्हणणारी माणसं एकदम वाढली. माझ्याकडे त्या वर्षी चाळीस मूर्तींची मागणी आली. सगळ्या वेळेत दिल्या, सगळ्यांनी कौतुक केलं. तेव्हा घरूनच काम चालायचं. दिवसभर आकडे, रात्री माती. जानेवारी २०२१ मध्ये मी राजीनामा दिला. पगार ३१,००० होता. नवऱ्याने एवढंच विचारलं, “वर्षभराचं गणित मांडलंस ना?” मी हो म्हणाले. खरं तर चाळीस मूर्तींचे पैसे तिपटीने वाढवून पाहिले होते, तेवढंच माझं गणित.

तळमजल्यावरची एक खोली महिना ६,००० रुपयांनी पाच महिन्यांसाठी घेतली. मदतीला एक मुलगा ठेवला. १४० मूर्तींची नोंदणी घेतली, भाव १,२००. आगाऊ रक्कम जो देईल त्याच्याकडून, देईल तेवढी.

शाडूचं काम ज्यांनी केलेलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. माती भिजवून, गाळून, मळून घ्यायची. मळताना तिच्यात काथ्याचे बारीक तंतू किंवा कापूस घालायचा, म्हणजे ती धरून राहते. साच्याच्या दोन्ही अंगांत ती सारख्या जाडीने दाबायची, मग दोन भाग जोडायचे. हात, सोंड, कान नंतर लावायचे, जोडावर पातळ मातीचा लेप द्यायचा. ओल्या ब्रशने अंग सारखं करायचं आणि मग मूर्ती सावलीत वाळू द्यायची. या वाळण्यावर सगळं अवलंबून असतं. पीओपी काही मिनिटांत धरतं, शाडूला दिवस लागतात, पावसाळ्यात तर दोन दोन आठवडे. आणि गणपती येतो भर पावसाळ्यानंतर, म्हणजे आमचा ऐन हंगाम हा हवेत सर्वात जास्त ओल असण्याचाच काळ.

२०२१ ची चतुर्थी १० सप्टेंबरला होती. जुलैच्या उत्तरार्धात पाऊस थांबेना, खोलीच्या भिंतींना हात लावला तर ओला व्हायचा. मी घाबरले आणि मूर्तींसमोर हॅलोजनचे दिवे लावले. ही माझी मोठी चूक. बाहेरचा थर भराभर सुकून आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि जिथे जाडी कमी-जास्त आहे तिथे भेग जाते. मानेत, सोंडेच्या वळणात, मांडीच्या जोडात. बुजवलेली भेग रंगाखालून पुन्हा वर येते. ऑगस्टच्या शेवटी मोजलं तेव्हा १४० पैकी १७ मूर्ती कुणाच्याही देव्हाऱ्यात द्यायच्या लायकीच्या नव्हत्या. आठातली एक.

त्या सतरा घरांना मी फोन केले. असे फोन करायची वेळ कुणावर येऊ नये. वर्षातून एकदा येणारा गणपती, पोरांनी मखर तयार ठेवलेलं, आणि मी सांगते आहे की तुमची मूर्ती माझ्या हातून गेली. अकरा जण म्हणाले, दुसरी कुठूनही मिळवून द्या. मी पेणजवळच्या हमरापूरला गेले, तिथून शाडूच्या कच्च्या मूर्ती आणल्या आणि चार रात्रींत रंगवून दिल्या. प्रत्येकाला सांगितलं की घडवणारा हात माझा नाही, फक्त रंग माझे आहेत, आणि त्या मूर्तींवर एक रुपयाही नफा ठेवला नाही. उरलेल्या सहा जणांना पैसे परत केले. त्यातल्या एका आजींनी फोनवर मलाच धीर दिला होता. त्यांचा आवाज अजून आठवतो.

विसर्जनं झाल्यावर मी वही काढली. बारा वर्षं दुसऱ्यांचे हिशेब लिहिले होते, स्वतःचा पहिल्यांदा लिहिला. विकलेल्या १२३ मूर्तींचे १,४७,६०० रुपये. माती, रंग, काथ्या, पॅकिंग मूर्तीमागे २२० धरून १४० मूर्तींचे ३०,८००. खोलीचं भाडं ३०,०००. उरले ८६,८००. एका मूर्तीला मळण्यापासून रंगवण्यापर्यंत साधारण नऊ तास, म्हणजे एकूण १,२६० तास. भागाकार केला तर तासाला ६९ रुपयेही पडत नव्हते. त्यातून मुलाची मजुरी ३२,००० दिलेली. माझ्या हातात ५४,८०० राहिले. बाराने भागलं तर महिना साडेचार हजार.

त्या आकड्याकडे बघत बसले होते. मूर्ती फुटल्याचं वाईट वाटत होतंच, पण त्याहून जास्त याचं, की एकही फुटली नसती तरी फार फरक पडला नसता. भावच चुकला होता.

आईला म्हटलं, पुढच्या वर्षी दुप्पट घेणार. ती दुखावली. “देवाचे भाव करायचे नसतात,” म्हणाली. माझ्याही मनात तेच होतं, म्हणून तर पाचशे रुपये घेऊन गप्प बसले होते. दिवाळीत आजोळी गेले तेव्हा मामाला विचारलं. त्याने शांतपणे सांगितलं, “अगो, प्राणप्रतिष्ठा यजमानाच्या घरी होते. तोवर पाटावर माती आहे आणि तुझी मेहनत आहे. देवाची किंमत तू सांगत नाहीस, हाताची सांगत्येस. माझ्याकडे भात होता, म्हणून मी कधी सांगितली नाही. तुझ्याकडे भात आहे का?”

मला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. पण कदाचित आधी पटलंही नसतं.

२०२२ मध्ये बारा इंची मूर्तीचा भाव २,४०० केला आणि मूर्ती ८० वर थांबवल्या. जुन्या गिऱ्हाइकांपैकी निम्म्याहून जास्त गेली. काहींनी चांगले शब्द वापरले नाहीत. एप्रिलच्या शेवटी फक्त बावीस पाट आले होते, तेव्हा झोप उडाली. नोकरीसाठी दोन ठिकाणी अर्जही टाकले. मग मे-जूनमध्ये एकाकडून दुसऱ्याकडे अशी नोंदणी वाढत गेली आणि आषाढीला ८० पूर्ण झाली. तेव्हापासून नियम ठेवला: निम्मी रक्कम नोंदणीला, आषाढी एकादशीनंतर रद्द केलं तर आगाऊ परत नाही. हा नियम कागदावर छापून नोंदणीच्या पावतीला जोडते. आश्चर्य म्हणजे यावर कुणीच वाद घातला नाही. जोवर मी तोंडी, अवघडत सांगायचे तोवर लोक घासाघीस करायचे.

ओलीचा बंदोबस्तही केला. बँकेतून मुद्रा योजनेतलं शिशु कर्ज घेतलं, ५०,००० चं. त्यातून जाळीच्या फळ्यांच्या मांडण्या, दोन एक्झॉस्ट पंखे आणि हवेतली ओल ओढणारं एक यंत्र आणलं. मांडणीला जाळी असल्यामुळे मूर्तीला खालूनही वारा लागतो. घडवण्याचं काम मार्चमध्येच सुरू करते, म्हणजे निम्म्या मूर्ती उन्हाळ्यातच वाळून तयार असतात. हॅलोजन भंगारात दिले. आता शंभरातल्या तीन-चारच मूर्ती वाया जातात.

तरी एक प्रश्न उरला होता. भाद्रपदात हातात पैसा खेळतो आणि माघापर्यंत संपतो. वर्षभर टिकायचं तर वर्षभर काम हवं. इथे मी बरीच चाचपडले. प्रदर्शनात छोट्या शोभेच्या वस्तू ठेवून पाहिल्या, जागेचं भाडंही सुटलं नाही. रंगीत पणत्या केल्या, पण पणत्यांचा ढीग बाजारात माझ्या निम्म्या भावाने पडलेला असतो. चाललं ते तीन-चार ठिकाणीच. नवरात्रातल्या देवीच्या मूर्ती आणि माघी गणपती, हे ओळखीचंच काम. दिवाळीच्या किल्ल्यांसाठी मातीचे मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज. मुलं एकेक मावळा पारखून घेतात, त्याच्या पगडीचा रंगही सांगतात, आणि मला हे काम करताना फार आनंद होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना शिकवते, एका वेळी दहाच.

आणि साचे. थंडीत मी मूळ मूर्ती घडवते, नवी बैठक, नवी ठेवण, आणि तिचे साचे करून छोट्या मूर्तिकारांना विकते. वर्षाला सात-आठ. याची कल्पना एका कटू प्रसंगातून आली. माझ्याकडून नेलेल्या एका मूर्तीवरून कुणीतरी न विचारता साचा काढला आणि पुढच्या वर्षी ती ठेवण मला बाजारात दिसली, कानाच्या पाळीची दुमडसुद्धा तीच. दोन दिवस जेवण गेलं नाही. मग लक्षात आलं की लोकांना माझ्या हातची ठेवण हवी आहे, तर ती मीच विकायला हवी. आता एक ठेवण चारच जणांना देते, चार वेगवेगळ्या गावांतल्या.

पैशांची शिस्त नोकरीने लावलेली होती, तीच उपयोगी पडली. कामाचं बँक खातं वेगळं, सगळी कमाई त्यात. त्यातून दर महिन्याच्या एक तारखेला मी स्वतःला पगार देते, गणपतीच्या महिन्यात आणि चैत्रात सारखाच. २०२२ मध्ये तो ९,००० होता. २०२५ मध्ये २६,००० होता. नोकरीतल्या आकड्याला अजून पोचलेला नाही, पण वर्षाचे बारा महिने येतो. शिवाय सहा महिन्यांचा घरखर्च मुदत ठेवीत बाजूला आहे, कारण मनगट दुखायला लागलं की काम थांबतं. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीओपीच्या मूर्ती बनवायला पुन्हा मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यात विसर्जनाला मात्र नाही. तेव्हा काही जण स्वस्त मूर्तीकडे वळले आणि माझी नोंदणी ७६ वर थांबली. भाव ३,६०० होता, तोच ठेवला. वर्षाच्या कमाईत भाद्रपदाचा वाटा आता निम्म्याहून कमी आहे, म्हणून त्या चार मूर्तींची भीती वाटली नाही.

गेल्या वर्षी चतुर्थी २७ ऑगस्टला होती, यंदा अधिक ज्येष्ठामुळे १४ सप्टेंबरला आहे. अठरा दिवस जास्त मिळतात. नोंदणी ८० च ठेवली आहे. त्या जास्तीच्या दिवसांत आजोळी जाणार आहे. मामा आता पंच्याऐंशीचा आहे, शाळा बंद झाली, पण डोळ्यांची आखणी त्याच्यासारखी मला अजून येत नाही. माझ्या मूर्ती समोर बघतात. त्याची मूर्ती दाराशी उभं राहिलं तरी तुमच्याकडे बघते, कोपऱ्यात बसलं तरी तुमच्याकडेच. परवा फोन केला तर म्हणाला, “हात थरथरतो, पण सांगता येईल. येताना बारीक ब्रश घेऊन ये, माझ्याकडच्यांचे केस गळून गेलेत.” शून्य नंबरचे चार आणून ठेवले आहेत.