लक्ष्या हासस का कधी?

मंडळी, मागच्या खेपेला मी छातीठोकपणे लिहिलं होतं, "विनोदी नटांच्या बारा अर्कचित्रांपैकी नऊ झाली, तीन राहिली." आजचा हिशेब आहे सहा झाली, सहा राहिली. सापशिडीत अठ्ठ्याण्णववर साप गिळतो ना, तसं झालं. आणि साप माझ्या घरातच होता. माझी माय.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. मी अमळनेरला फ्लेक्स-रेडियमचं दुकान चालवतो. आधी हातानं बोर्ड रंगवायचो, फ्लेक्स आलं आणि ब्रश माळ्यावर गेले. दिवसभर कोरल ड्रॉमध्ये वाढदिवसवाल्यांचे चेहरे गोरे करायचे, गालावरचे डाग पुसायचे, "भाऊ, थोडं हसरं करा" म्हटलं की ओठांचे कोपरे वर ओढायचे. रात्री शटर पाडलं की ज्यांनी आपल्याला हसवलं त्यांची अर्कचित्रं काढायची. ए-थ्री कागद, होल्डर-निब, काळी शाई, रंग नाही. दिवसा नाकं लहान करतो, रात्री मोठी करतो. एकूण जमाखर्च बरोबर बसतो.

दहावं चित्र लक्ष्याचं, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेचं. वाटलं होतं, हे तर डोळे मिटून जमेल. व्हिडिओवर आणलेले त्याचे सिनेमे बघत आपली पिढी मोठी झाली. कपाळ, केस, ते मोठे डोळे, सगळं पाठ. आणि मंडळी, अकरा कच्ची चित्रं फुकट गेली. नाक त्याचं, हनुवटी त्याची, केसही त्याचेच, पण माणूस भलताच कोणीतरी. बाराव्याला शाई लावली, वाळायला ठेवलं, तेवढ्यात माय चहा घेऊन आली. चष्मा सरसावून म्हणाली, "हाऊ कोन शे रे? बँकना सायब?"

म्हटलं, "माय, लक्ष्या शे."

तिनं परत बघितलं. "हाऊ ते हासी राहिना. लक्ष्या हासस का कधी? तो ते घाबरस!" (आमच्या अहिराणीत 'हासी राहिना' म्हणजे हसतोय.)

चहा गार झाला. मी त्याच रात्री मोबाइलवर त्याचे प्रसंग आवाज बंद करून बघत बसलो. हा उपाय करून बघा, आवाज गेला की अंगाची रेष उघडी पडते. 'झपाटलेला'मध्ये (१९९३) रामदास पाध्यांचा तो बाहुला समोर आला की लक्ष्या काय करतो? मान आत ओढतो, खांदे कानापर्यंत नेतो, डोळे विस्फारतो, आणि तोंड उघडतं पण शब्द फुटत नाही. हसतो आपण. त्याच्या जिवावर बेतलेलं असतं. मी मात्र ओठांचे कोपरे वर ओढून ठेवले होते, दुकानातल्या सवयीनं. वाढदिवसाचा बॅनर केला होता मी त्याचा.

मग बाकीची नऊ चित्रं भिंतीला टेकवून ओळीनं लावली आणि पोटात गोळा आला. त्यातले सहा जण दात काढून हसत होते.

वाचले ते तिघे. पहिले दामुअण्णा मालवणकर. त्यांची तिरळी नजरच इतकी काम करते की ओठांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. दुसरा मूकपटांतला बस्टर कीटन. तो पडद्यावर हसत नाही हे जगजाहीर, तिथं चुकायची सोयच नव्हती. आणि तिसरे दादा कोंडके. दादांचं तोंड उघडं आहे, पण ते हसणं नाही. आपण काय बोलून गेलो हे न कळलेल्या भाबड्या पोराचं ते तोंड आहे. अर्ध्या चड्डीची लोंबती नाडी मी जरा जास्तच लांब काढली होती, कागदाबाहेर जाईल इतकी. ती तशीच ठेवली. वाढला गडी मुंबईच्या नायगावात, आणि आमच्याकडे बोरी नदीकाठचा म्हातारासुद्धा त्याला गावातलाच समजायचा.

आता पुन्हा काढलेल्यांबद्दल. जाड्या-रड्यांनी मला लाजवलं. अहो, आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीनं लॉरेल-हार्डीतल्या लॉरेलला नावच 'रड्या' ठेवलंय, आणि मी रड्याला हसवून बसलो होतो! नव्या चित्रात लॉरेल डोक्यावरचे केस वर ओढतोय, चेहरा आता फुटेल असा. हार्डी त्याच्याकडे बघतच नाही, सरळ आपल्याकडे बघतोय: बघताय ना, काय नशिबी आलंय ते. दोघांत मिळून बाह्यरेषा फक्त दोन ठेवल्या, एक उभी आणि एक गोल. मधली मोकळी जागा कमी केली तर दोघं भांडतायत असं वाटतं, जास्त केली तर ओळखच सुटते. चौथ्या कागदावर अडीच बोटांवर जमलं.

टुणटुणचं जुनं चित्र बघून मलाच माझी लाज वाटली. नुसती जाडी काढली होती. जाडी काढायला काय अक्कल लागते? ही बाई १९४७ साली उमादेवी या नावानं नौशादच्या संगीतात गात होती, विनोदी भूमिका नंतरच्या. नव्या चित्रात ती जुन्या चौकोनी मायक्रोफोनसमोर उभी आहे, डोळे मिटलेले, एक हात कानापाशी. अंग भरलेलंच आहे, पण सगळा भार त्या मिटलेल्या पापण्यांवर आहे. बारा चित्रांत ज्याला खरं प्रेम म्हणता येईल ते हेच झालंय. दुकानातल्या पोराला मात्र आवडलं नाही. तो म्हणतो, "यात जोक कुठंय?" असू दे.

थोडं सामानाचं. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४४-४५ला टेकतो, निबेवरची शाई कागदावर यायच्या आत वाळते. म्हणून कूलर लावला, तर त्याच्या ओलीनं कागद दमट झाला आणि शाई फुटायला लागली. लक्ष्याच्या भुवईला मुळं फुटल्यासारखी दिसत होती. आता कूलर दुसऱ्या खोलीत, पंखा बंद, मनगटाखाली ब्लॉटिंग पेपर आणि काम पहाटे साडेचार ते सात. निब दर पाच-सहा रेषांनी ओल्या फडक्यावर टिपून घेतो. शाईत दोन थेंब डिस्टिल्ड पाणी घातलं की ओढ सुधारते, तीन घातले की काळा रंग राखाडी होतो.

लाइट बॉक्स घरीच केला. एका बंद पडलेल्या दुकानाचा ग्लोसाइन बोर्ड पडून होता. आतल्या ट्यूब काढून एलईडी पट्ट्या चिकटवल्या, वर पाच मिलिमीटरची दुधी ॲक्रिलिक शीट. पट्ट्यांच्या रेघा वर उमटत होत्या, शीटखाली बटर पेपरचे दोन थर घातल्यावर गेल्या. खर्च जवळपास शून्य. फक्त डब्याच्या बाजूला अजून "येथे ताजे फरसाण मिळेल" असं लिहिलेलं आहे.

चित्रांत ते वांगं कशाला, असं विचारलंत म्हणून सांगतो, प्रत्येक चित्रात एक वांगं लपवलेलं आहे. कल्पना माझी नाही. अमेरिकेतला अर्कचित्रकार अल हर्शफेल्ड आपल्या मुलीचं नाव, नीना, केसांत नाहीतर कपड्यांच्या चुण्यांत लपवायचा, आणि सहीशेजारी आकडा टाकायचा की किती ठिकाणी आहे. मला मुलगी नाही, भरताचं वांगं आहे. कीटनच्या टोपीत बघा.

राहिलेल्यांत राजा गोसावींचं कच्चं चित्र तयार आहे आणि त्यावर मी बेहद्द खूश आहे. १९५२ साली 'लाखाची गोष्ट' पुण्यात लागला तेव्हा त्याचा हा नायक भानुविलास थिएटरच्या खिडकीत बसून त्याच सिनेमाची तिकिटं विकत होता. तेच काढतोय. खिडकीच्या अर्धगोल भोकातून हात बाहेर, हातात तिकीट, आत पगारी नोकराचा गंभीर चेहरा, आणि वर भिंतीवर पोस्टरमधला तोच माणूस खदाखदा हसतोय. एकदाचं कुणाला तरी हसवायची सोय झाली!

जॉनी वॉकर अडलाय. बेस्टचा कंडक्टर होता, दारूला शिवत नव्हता, आणि पडद्यावर त्याच्यासारखा झिंगलेला दुसरा नाही. मी त्याला झुलता काढत होतो, तिथंच चुकत होतं. झिंगलेला माणूस सरळ उभं राहायची शिकस्त करत असतो. खांदे ताठ आणि गुडघे फितूर, असं काहीतरी हवंय. चॅप्लिनचा कोट तंग आणि पँट ढगळ आहेच, फक्त मिशीखालचं हसू खरवडायचंय. शरद तळवलकर पावसाळ्यात. अशोकमामांची एक भुवई जमलीय, दुसरी नाही. बारावा कोण ते ठरलेलं नाही. शि. द. फडणीसांची जुनी चित्रं पुन्हा काढून बसलोय, भलतंसलतं काम अगदी साळसूद चेहऱ्यानं करणारी त्यांची माणसं बघत.

लक्ष्याचं चित्र परवा दुकानात काउंटरमागे लावलं. मान खांद्यांत, डोळे कपाळावर, दोन्ही हातांची बोटं फाकलेली. ज्याला घाबरलाय ते चित्रात काढलेलंच नाही. सकाळी एक गिऱ्हाईक आलं, वाढदिवसाच्या दहा बाय आठच्या बॅनरची ऑर्डर घेऊन. पैसे मोजता मोजता त्याचं लक्ष वर गेलं आणि थांबलं. "लक्ष्या कशाले घाबरना भो?" कशाला घाबरला, एवढं विचारून तो स्वतःच हसायला लागला. मग म्हणाला, मना बी असाच काढ ना, बॅनरवर टाकू.

समोरच्या स्टुलावर बसवलं, पेन्सिल घेतली आणि म्हटलं, "काढतो. आधी हासनं बंद कर."