सकाळी लख्ख, दुपारी सर

सकाळी खिडकी उघडली तेव्हा आकाश इतकं स्वच्छ होतं की छत्री घेऊन बाहेर पडायचीच लाज वाटली. मोबाइलवरही पिवळाधमक सूर्य. दुपारी तीनच्या सुमारास मी कुठल्याशा इमारतीच्या छज्ज्याखाली, चार अनोळखी माणसांशेजारी निथळत उभा होतो. समोरच्या रस्त्यावर मात्र ऊन होतं. आम्ही पाचही जण वर बघत होतो, जणू तिथून कुणी खुलासा करणार होतं.

उन्हात पाऊस पडला की कोल्ह्याचं लग्न लागतं, हे आपण लहानपणीच ऐकलेलं असतं. जपानी भाषेतही कोल्हाच बोहल्यावर चढतो. कोरियात वाघाचं लग्न असतं, झुलू भाषेत माकडाचं. इतक्या लांबलांबच्या लोकांनी एकमेकांना न विचारता लग्नच का लावावं, कोण जाणे. वरात निघाली की पाऊस यायचाच, एवढा अनुभव मात्र सगळीकडे सारखा असणार.

खरं तर वसंतात लख्ख सकाळीवरच विश्वास टाकू नये. सूर्य चांगला वर चढलेला असतो, अडवायला ढग नसतात, त्यामुळे जमीन भराभर तापते. वरच्या थरांत मात्र हिवाळ्याची थंड हवा अजून मुक्काम ठोकून असते. खाली गरम, वर गार. मग गरम हवा उसळून वर जाते, दुपारपर्यंत कापसाचे ढिगारे जमतात, तीनला सर येते आणि चारला जसं काही झालंच नाही. उत्तर गोलार्धात मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांना सूर्य सारखाच वर असतो, दिवसही सारखाच लांब, तरी मार्च सहसा जास्त गार. जमिनीला, आणि त्याहून समुद्राला, तापायला वेळ लागतो. वसंताचा सुरुवातीचा पगार हिवाळ्याची उधारी फेडण्यातच जातो म्हणायचं.

छज्ज्याखाली एक गृहस्थ अंदाज वर्तवणाऱ्यांच्या नावाने बोटं मोडत होते. मला आठवला लुइस फ्राय रिचर्डसन, हवामानाचा अंदाज गणिताने काढू पाहणारा इंग्रज शास्त्रज्ञ, आणि वसंतातलाच एक दिवस: 20 मे 1910. तसा अगदी साधा दिवस. पण त्या दिवशी युरोपात ठिकठिकाणी फुगे सोडून वरच्या हवेची मोजमापं घेतली होती, म्हणून रिचर्डसनने तो निवडला. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होता. युद्ध न मानणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाचा असल्यामुळे बंदूक धरायची नव्हती. फावल्या वेळात, गवताच्या ढिगावर बसून, तो हाताने आकडेमोड करत होता: त्या सकाळच्या सहा तासांत हवेचा दाब किती बदलायला हवा होता? दिवस कधीच उलटून गेलेला. म्हणजे हा मागे वळून केलेला अंदाज, उत्तर आधीच ठाऊक असलेला!

उत्तर आलं, दाब 145 मिलिबारने वाढेल. प्रत्यक्षात तो जवळपास हललाच नव्हता. सहा तासांत एवढा फरक सहसा मोठ्या वादळातही पडत नाही. त्यात मधेच हस्तलिखित हरवलं, आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. मला या गोष्टीतला सर्वात आवडणारा भाग पुढचा आहे. 1922 साली त्याने पुस्तक काढलं आणि हे चुकलेलं उत्तर त्यात जसंच्या तसं छापलं. वर एक स्वप्नही रंगवलं: मोठ्या गोल नाट्यगृहासारख्या दालनात 64 हजार माणसं बसून जगाच्या हवामानाचं गणित करताहेत आणि मधोमध उभा राहून एक जण त्यांचा ताल सांभाळतोय. पुढे कळलं की पद्धत बरोबर होती, सुरुवातीचे आकडेच खडबडीत होते. 1950 मध्ये एनिॲक या संगणकाने पहिले अंदाज काढले तेव्हा रिचर्डसन हयात होता, आणि ते त्याला कळवलेही गेले. तेव्हा चोवीस तासांचा अंदाज काढायला साधारण चोवीस तासच लागत. आज ते काम खिशात मावतं, आणि माझ्यासारखा माणूस वीस मिनिटांच्या सरीवरून त्याला शिव्या घालतो.

एवढ्यात पाऊस थांबला. आमची पंचायत न बोलता पांगली.

घरी आल्यावर माझी वही काढली. रोज हवामानाची एक ओळ लिहायची सवय मी काही वर्षांपूर्वी लावून घेतली, ती रॉबर्ट मार्शमच्या नादाने. इंग्लंडातल्या नॉरफोकचा हा जमीनदार 1736 पासून वसंताच्या खुणा टिपत होता: पहिलं पान कधी फुटलं, पाकोळी कधी आली, बेडूक कधी ओरडला. पुढच्या पिढ्यांनी ते काम 1958 पर्यंत चालवलं. क्योटोच्या चेरीच्या बहराच्या तारखा तर नवव्या शतकापासूनच्या आहेत. त्या लिहिणाऱ्या दरबारी मंडळींना विज्ञानाशी कर्तव्य नव्हतं. झाडाखाली मेजवानी झाली, एवढीच नोंद. त्या नोंदींमुळेच 2021 साली 26 मार्चला आलेला भर बहर बाराशे वर्षांतला तोवरचा सर्वात लवकरचा, असं सांगता आलं.

मग मी माझ्या वहीत आजच्याच तारखा शोधल्या. गेल्या वर्षी: ‘फार उकडतंय. असा वसंत पूर्वी कधी नव्हता.’ त्याआधीच्या वर्षी: ‘थंडी हटत नाही. असा वसंत पूर्वी कधी नव्हता.’ त्याच्याही आधी: ‘काय हे! पूर्वी असं नव्हतं.’

तीन वर्षांत एक आकडा नाही, एक पान नाही, एक बेडूक नाही. नुसता मी.

खिडकीबाहेरच्या झाडाकडे जरा वेळ बघत बसलो. त्याचं नाव मला ठाऊक नाही. मग लिहिलं: ‘सकाळी निरभ्र. तीनला उन्हात सर, वीस मिनिटं. खिडकीपाशीच्या झाडाच्या डावीकडच्या फांदीवर तांबूस पालवी, सात पानं.’ पुन्हा मोजली. आठ होती. खोडून दुरुस्त केलं.