अकोला ते चिखलदरा सायकलवर: डांबर कधी टाकलं ते विचारू नका, खाली माती कोणती ते विचारा

मार्ग असा: अकोला, मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव सुर्जी, परतवाडा आणि वर चिखलदरा. निर्णय आधीच सांगून टाकतो. पावसाळा संपल्यावर लगेच निघणार असाल तर दर्यापूर ते अंजनगाव मुख्य रस्ता सोडू नका. 'आतून' जाणारा गावजोड रस्ता कोणी कितीही छातीठोकपणे सुचवला, तरी नाही.

अकोला–मूर्तिजापूर महामार्गाबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. २०२२ च्या जूनमध्ये अमरावती–अकोला दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण सलग करून गिनीज विक्रम झाला, तोच हा महामार्ग. सायकल सुसाट जाते, ट्रक जवळून जातात, एवढंच. मूर्तिजापूरला महामार्ग सोडून उत्तरेला वळलो, पूर्णा ओलांडली आणि दुपारच्या आत दर्यापूर गाठलं.

फसवणूक तिथून सुरू झाली. चहाच्या टपरीवर दोघा-तिघांनी सांगितलं, "आतून जा ना भाऊ, निरा नवा डांबर हाय, दहा किलोमीटर वाचते." डांबर नवं होतं हे खरं. पहिले तीन-चार किलोमीटर तर आरशासारखे होते. मग कडेपासून हातभर आत, रस्त्याला समांतर, एक भेग दिसू लागली. सुरुवातीला बोटाएवढी, पुढे तीन बोटं रुंद, आणि शेवटी तर तिच्या बाहेरचा सगळा काठ खाली बसलेला. समोरून सोयाबीनची ट्रॉली आली की आपण काठाला सरकतो, आणि पुढचं चाक त्या भेगेत अडकतं. आडव्या खड्ड्यात चाक आपटतं आणि बाहेर येतं. उभी भेग चाक धरून ठेवते आणि माणूस खाली जातो. माझ्यासोबतचा मित्र असाच पडला. रिम वाकली, कोपर सोलवटलं.

मी मनाली–लेह रस्ता सायकलवर केला आहे, त्यामुळे फुटलेलं डांबर मला नवं नाही. तिकडे रस्ता बर्फ फोडतो. डांबरातल्या बारीक भेगेत पाणी शिरतं, रात्री गोठतं आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. सकाळी वितळतं, रुंदावलेल्या भेगेत आणखी पाणी मुरतं, रात्री पुन्हा तेच. खालची माती गाळाची असेल तर ती खोलवरचं पाणी वर ओढते, मातीत बर्फाचे थर धरतात आणि रस्ता वर उचलला जातो. खरी पडझड मात्र वितळताना होते. वरचा थर आधी सुटतो, खालचा गोठलेलाच असतो, मधलं पाणी निचरायला जागा नसते. अशा पिचपिचीत भरावावरून लष्करी ट्रकांचा ताफा गेला की डांबर खचतंच. म्हणून लडाखच्या उंच खिंडींत काही ठिकाणी डांबराऐवजी सिमेंटचे ब्लॉक बसवलेले दिसतात.

दर्यापूरच्या शिवारात बर्फ नाही, पण रस्ता हलतो तो तसाच खालून. ही पूर्णेच्या खोऱ्यातली खोल काळी माती, खारपाणपट्ट्याची, म्हणजे जिथे जमिनीखालचं पाणी खारं असतं त्या भागाची. तिच्यातली चिकणमाती पावसात भिजवलेल्या हरभऱ्यासारखी फुगते आणि उन्हाळ्यात आकसून पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. डांबराखालची, रस्त्याच्या मधली माती झाकलेली असल्याने तिचा ओलावा फारसा बदलत नाही. काठाची माती मात्र उघडी. ती एप्रिल-मे मध्ये वाळून आकसते, जूनपासून पाणी पिऊन फुगते. मधला भाग जागेवर आणि काठ वर-खाली, म्हणून भेग नेमकी काठाला समांतर पडते. रस्त्याकडेला बाभळी असतील तर त्यांची मुळं ओलावा आणखी ओढतात आणि तिथला काठ जास्त बसतो. पुढच्या पावसात त्याच भेगेतून पाणी खडीत उतरतं. ओल्या खडीला डांबर धरून राहत नाही, ते सुटतं. चाकांच्या दाबाने आतलं पाणी वर-खाली होतं आणि सोबत माती उपसून आणतं. भेगेच्या तोंडाशी वाळलेला काळा चिखल दिसला, तर आत पोकळी आहे असं समजा आणि त्यावरून सायकल नेऊ नका.

मोऱ्यांपाशीही जपा. मोरी सिमेंटची, ती जागची हलत नाही. दोन्ही बाजूंचा भराव बसतो आणि मोरीचा काठ धारदार पायरीसारखा वर राहतो. वेगात असाल तर ट्यूब गेलीच.

हे सगळं ठाऊक असलेलं शास्त्र आहे, याचाच जास्त राग येतो. काळ्या मातीवर फुगणाऱ्या थराऐवजी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर द्यावा, हे मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी अनेक वर्षांपूर्वी दाखवून दिलं. चुना मिसळूनही ही माती आवरता येते. निदान दोन्ही बाजूंना नीट नाल्या आणि मुरमाच्या दाबलेल्या साईडपट्ट्या तरी हव्यात. इथे साईडपट्टी म्हणजे शेतातलीच काळी माती ओढून लावलेली, आणि नाली पिकाने बुजलेली. कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या काही राज्यांत बर्फ वितळण्याच्या काळात जड वाहनांच्या वजनावर तात्पुरती मर्यादा घालतात, कारण तेव्हा रस्ता सर्वांत दुबळा असतो. आपल्याकडे रस्ता सर्वांत दुबळा असतो सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, आणि नेमकी तेव्हाच सोयाबीन निघते, मग कापूस, मग संत्र्याचे ट्रक. शेतकऱ्याने माल तेव्हाच न्यायचा, तो थांबू शकत नाही. मग रस्ता त्या ओझ्याचा विचार करून बांधायला नको का?

पैशांचं सांगतो. वाकलेल्या रिमसह दोन सायकली अंजनगावला न्यायला एका पिकअपवाल्याने १,५०० रुपये घेतले, आणि तेही उतरल्यावर वाढवून सांगितले. अंतर वीस किलोमीटरसुद्धा नव्हतं. चढायच्या आधी भाव ठरवा आणि तिथल्या दोन माणसांसमोर ठरवा. त्याहून बरं म्हणजे माल टाकून रिकामी परतणारी गाडी शोधा. अशा गाडीवाल्याने दुसऱ्या दिवशी आम्हाला चहापाण्यावर परतवाड्याला सोडलं.

परतवाड्यापासून चढ. इथे मन एकदम हलकं झालं. पायाखाली मुरूम आणि काळा दगड, काळी माती मागे राहिली. घाटात खड्डे आहेत, पण ते वळणांवर, जिथे नाली पानांनी तुंबून पाणी रस्त्यावरून वाहतं तिथे. वर पोचल्यावर एका हॉटेलवाल्याने सांगितलं, "थंडीनं फुटते जी इथला डांबर." हे मनावर घेऊ नका. चिखलदऱ्यात कडाका असतो, एखाद्या पहाटे गवतावरचं दव गोठतंही, पण रस्त्याच्या आतल्या खडीपर्यंत गोठण पोचावी आणि ती रात्रीमागून रात्र व्हावी, एवढी ती थंडी नाही. इथला दोषी म्हणजे मेळघाटचा पाऊस आणि न उपसलेली नाली. बर्फावर खापर फोडलं की नाली कोणी उपसायची हा प्रश्नच उरत नाही.

जाणाऱ्यांनी जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत जावं. माती बऱ्यापैकी वाळलेली असते आणि मार्चअखेरची डागडुजी सुरू झालेली असते. एप्रिल-मे नको. पारा ४५ च्या वर गेला की डांबर मऊ पडून टायरला चिकटतं. टायर ३८ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. मडगार्ड काढूनच निघा, कारण अवकाळी पाऊस झाला तर काळा चिखल मडगार्डमध्ये भरून चाक फिरतच नाही, आणि तसं झालं तर ओढत नेण्यापेक्षा अर्धा दिवस थांबा. गावजोड रस्त्यावर काठापासून हातभर नव्हे, चांगली दोन हात आत सायकल ठेवा, ट्रॉलीवाल्याने हॉर्न वाजवला तरी. अंधार पडल्यावर त्या रस्त्यावर एक किलोमीटरही नाही. आणि कोणी नवं डांबर आहे म्हणालं, तर त्यावरून एक पावसाळा गेला आहे का, एवढं विचारा. गेला नसेल, तर मुख्य रस्त्यानेच जा.