डायपर खातं

खरं सांगू का, आपल्याकडे बाळाच्या ढुंगणाची कुणाला लाज वाटत नाही. रेल्वेच्या भर डब्यात बाळ आडवं करून पाय वर धरले तरी कुणी मान फिरवत नाही, उलट दोन बायका वाकून बघतात आणि 'अले अले, काय झालं बाळाला' करतात. त्यामुळे प्रवासात डायपर कुठे नि कसा बदलायचा या प्रश्नात लाजेचा भाग फार थोडा, बाकी वास, जागा आणि नंतर त्या गरम जड पुडक्याचं काय करायचं, एवढंच.

आमच्या घरात बाहेर पडलं की डायपर खातं माझ्याकडे असतं. सरळ वाटणी आहे, बायको दूध पाजते म्हणजे वरचं टोक तिचं, खालचं टोक माझं. आईला हे अजून पटलेलं नाही, ती इंदूरच्या घरात गप्प बसते पण गाडीत चारचौघांसमोर मी वाइप्स काढले की 'अरे दे इकडे, लोक काय म्हणतील' चालू होतं. लोक काही म्हणत नाहीत, लोक सूचना करतात. बाप डायपर बदलतोय म्हटल्यावर आजूबाजूच्या प्रत्येक बाईला वाटतं की आपण मदतीला धावलो नाही तर हे लेकरू गेलं. 'भिया, पावडर मत लगाना', 'पहले सूखने दो', 'टोपी घाला हो तिला'. टोपीचा इथे काय संबंध हे मला आजवर कळलेलं नाही.

रात्रीच्या गाडीत आपला बर्थ लोअर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर लोअरवाल्याला विचारायचं, आणि विचारायचं म्हणजे बाळ हातात लोंबकळत असताना नाही, आधी. खाली मेणकापड, त्यावर दुपटं, बाळाचे पाय खिडकीकडे आणि डोकं पॅसेजकडे, कारण जे काही उडायचं ते खिडकीकडे उडू दे. वरच्या बर्थवर हा उद्योग करणारे लोक मी बघितलेत आणि त्यांच्या धाडसाला नमस्कार आहे, गाडीनं एक हिसका दिला की बाळ, बाप, डायपर तिन्ही खाली.

पण खरी परीक्षा जेवणाचे डबे उघडतात त्या वेळेला असते. आपल्या इंदूरच्या लोकांना गाडी सुटली की भूक लागते, रतलाम येईपर्यंत पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, लोणचं, वरून सेव, सगळा घमघमाट सुटलेला असतो आणि नेमकं त्याच वेळेला आमच्या कन्येचा चेहरा लाल होतो, मुठी आवळल्या जातात. समोरच्या काकू म्हणतात, 'अहो करा करा, लहान बाळ आहे, त्यात काय', अगदी मनापासून म्हणतात, आणि म्हणता म्हणता डब्याला झाकण लावतात. हे झाकण बघायला शिकलं पाहिजे. तोंडानं सगळेच हो म्हणतात, कारण बाळाला नाही म्हणणारा माणूस आपल्याकडे वाईट ठरतो, खरं उत्तर काय ते झाकण देतं. झाकण लागलं की मी बाळ उचलून दाराजवळच्या जागेत जातो, बायको पाठोपाठ दुपटं घेऊन. तिथे उभ्याउभ्या, एकानं धरायचं एकानं पुसायचं असा कार्यक्रम होतो, हवा लागते, बाळ किंचाळतं, पण कुणाची पुरी वाया जात नाही. नुसती शू असेल तर मात्र मी हलत नाही, शूला वास नाही आणि लोकांनीही एवढं सोसावं.

एक गोष्ट मला अजिबात चालत नाही. बाहेरच्या बेसिनमध्ये बाळाचं ढुंगण धुणं. चांगल्या घरचे, शिकलेले लोक करतात हो हे, नळ सोडतात, बाळ वाकवतात, पाणी वाहतं म्हणजे स्वच्छ झालं असा हिशोब. सकाळी त्याच बेसिनशी अख्खा डबा ब्रश घेऊन रांगेत उभा असतो. बाटलीत कोमट पाणी आणि कापसाचा बोळा एवढ्यात काम होतं, नाहीतर वाइप्स आहेतच.

दुसरी गोष्ट, डायपर टॉयलेटमध्ये टाकणं. पूर्वी खाली रूळ दिसायचे, तेव्हा लोक काय काय टाकायचे ते जाऊ दे. आता बायो-टॉयलेट आहेत, डब्याखाली टाकी, टाकीत जिवाणू, ते मैल्याचं पाणी आणि गॅस करतात. ही विद्या ग्वाल्हेरच्या डीआरडीईची, म्हणजे डीआरडीओच्या तिथल्या लॅबची, आणि आमचे ग्वाल्हेरचे मामा ती अशी सांगतात की जिवाणू जणू त्यांनीच आपल्या हातानं टाकीत सोडले. तर त्या जिवाणूंना शी चालते पण डायपर पचत नाही. प्लास्टिक तर असतंच, शिवाय आत सोडियम पॉलीअ‍ॅक्रिलेटचे दाणे असतात, पाणी शोषून फुगणं हेच त्यांचं काम, आणि ते फुगलं की टॉयलेट तुंबतं आणि अख्ख्या डब्याची पंचाईत. म्हणून शी टॉयलेटमध्ये झटकायची, डायपर घट्ट गुंडाळायचा, त्याच्याच चिकटपट्ट्यांनी बांधायचा, पिशवीत घालायचा आणि डस्टबिनमध्ये टाकायचा. बर्थखाली सारायचा नाही. सकाळी चादरी गोळा करणारा पोरगा वाकतो तेव्हा त्याच्या तोंडासमोर काय येतं याचा विचार करा.

रेल्वेनं 2022 मध्ये लखनौ मेलच्या एका डब्यात लोअर बर्थला जोडून घडीचा बेबी बर्थ लावून बघितला होता, बाळाला आईशेजारी झोपवायला. फोटो बघितल्या बघितल्या माझ्या मनात आलं की झोपेचं राहू दे, यावर डायपर काय मस्त बदलता येईल.

गाडीत निदान बाई-पुरुष भेद नाही. मॉलमध्ये असतो. आमच्याकडच्या एका मॉलमध्ये चेंजिंग टेबल आहे, छान आहे म्हणे, पण लेडीज टॉयलेटच्या आत. म्हणजे मी पोरगी घेऊन दाराशी उभा, आत जाता येत नाही, बायको दोन मजले वर ट्रायल रूममध्ये, फोन उचलत नाही. शेवटी सिक्युरिटीवाल्याला दया आली, 'भिया, दिव्यांगवाला खुला है, उसमें कर लो.' केलं. पण आत असताना सारखं दाराकडे लक्ष, कारण ज्याची ती जागा आहे तो माणूस व्हीलचेअरवर बाहेर ताटकळत असेल तर बाळ आहे हे कारण पुरतं का? मला वाटतं नाही पुरत. पटकन करायचं, पुसून घ्यायचं आणि निघायचं, तिथे बसून नवीन फ्रॉक घालणं, फोटो काढणं नको. अमेरिकेत 2016 मध्ये ओबामांनी एका कायद्यावर सही केली, केंद्र सरकारच्या इमारतींमधल्या लोकांसाठीच्या टॉयलेटमध्ये चेंजिंग टेबल हवं, पुरुषांच्यासुद्धा. माझा भाऊ तिकडे असतो, तो मुद्दाम जेंट्सच्या आतल्या टेबलाचे फोटो पाठवतो आणि खाली लिहितो, 'ये रे इकडे'. त्याला मूलबाळ नाही.

सराफ्यात तर विचारूच नका. रात्री सोन्याचांदीची शटरं खाली आली की त्यांच्याच दारात भुट्ट्याचा कीस, गराडू, मालपुवा, पाय ठेवायला जागा नाही, आणि जिकडे बघावं तिकडे कुणाच्या तरी हातात द्रोण. बंद दुकानाचा ओटा मोकळा दिसतो खरा, पण दोन मिनिटांनी तिथेच कुणीतरी प्लेट घेऊन बसणार. खाण्याच्या जागी नाही म्हणजे नाही. मग आमची वरात जवाहर मार्गाकडे, जिथे कुठे गाडी लावलेली असेल तिथे. कारच्या डिक्कीसारखं चेंजिंग टेबल जगात नाही, बरोबर कमरेच्या उंचीला, वर छप्पर, आत दिवा. मंगल कार्यालयातही मी डिक्कीच पसंत करतो, कारण वधूपक्षाच्या खोलीत पलंगभर पैठण्या आणि रुखवताची ताटं पसरलेली असतात आणि तिथे बाळ उघडं ठेवायचं म्हणजे आगीशी खेळ.

आता पुडकं. इंदूरला ते वेगळं टाकायची इतकी सवय झालीय की आपण काही वेगळं करतो असं वाटतही नाही. 2017 मध्ये शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर आला तेव्हापासून आम्हा लोकांच्या अंगात जे आलंय ते उतरायला तयार नाही. सकाळी कचरा गाडीचं गाणं वाजलं की बाहेर जायचं, गाडीला वेगवेगळे कप्पे, ओला, सुका, प्लास्टिक, आणि डायपर-पॅडचा वेगळा. चुकीच्या कप्प्यात टाकलं तर गाडीवाला सगळ्या गल्लीसमोर बोलतो. त्यामुळे परगावी गेलो की मी पुडकं हातात घेऊन योग्य डबा शोधत फिरतो, बायको म्हणते टाक ना कुठेतरी, माझ्यानं टाकवत नाही. 2016 च्या घनकचरा नियमांत तर असंही होतं की डायपर बनवणाऱ्यांनी पाकिटासोबत गुंडाळायला पिशवी द्यायची. आमच्या पाकिटात मला ती कधी दिसली नाही, आम्ही आपली ब्रेडची पिशवी वापरतो.

तर पुण्याला चुलतभावाकडे गेलो होतो. पोचल्या पोचल्या पहिलं काम तेच, पुडकं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा. जरा तोऱ्यातच विचारलं, 'वहिनी, डायपरचा वेगळा डबा कुठला? आमच्याकडे वेगळा असतो.' वहिनींनी पोळी लाटता लाटता वर बघितलं. म्हणाल्या, 'असा प्लास्टिकच्या पिशवीत नका देऊ, पेपर घ्या तिथला, त्यात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. फ्रिजवर स्केचपेन आहे.' मी विचारलं ठिपका कशाला. 'आमच्याकडे "स्वच्छ" म्हणून कचरावेचकांची संस्था आहे, तिच्या ताई येतात कचरा न्यायला. त्या नंतर सुका कचरा हातानं निवडतात. ठिपका दिसला की त्यांना कळतं, उघडायचं नाही.'

मी खाली बसून पेपर गुंडाळला, ठिपका काढला. 'मोठा काढा, हा दिसतोय का कुणाला?' मोठा काढला. मग पोळी तव्यावर टाकत त्यांनी अगदी सहज विचारलं, 'इंदूरला नसतं वाटतं हे?'