कागदावरचे नऊ टन

कंटेनरचं जहाज निम्मंअधिक भरलं होतं. तेवढ्यात क्रेनचालक वॉकीटॉकीवर म्हणाला, "साहेब, हा डबा ९ टनांचा नाही. इथे २३च्या वर दाखवतंय." स्प्रेडरचे, म्हणजे डबा वरून पकडणाऱ्या क्रेनच्या चौकटीचे, चारही ट्विस्टलॉक (फिरून अडकणाऱ्या कड्या) लागले होते, डबा जेमतेम वीतभर उचललेला. मी तो तिथेच खाली ठेवायला लावला.

बाहेरून बघून काही कळत नाही. आत फोम असो की फरशी, वीस फुटी कंटेनर तेवढाच लांब, आठ फूटच रुंद, कोपऱ्यांतल्या पकडी ठरल्या जागी. म्हणून तर तो ट्रेलर, रेल्वेची वाघीण, जहाज कशावरही बसतो. १९५६ साली अमेरिकी वाहतूक उद्योजक माल्कम मॅकलीनच्या 'आयडियल एक्स' जहाजावरून ५८ डबे गेले, तेव्हापासून गोणी-गोणी उचलणं संपत गेलं. पण माल नजरेआड झाला आणि कागदावर लिहिलेल्या वजनावर आम्ही विसंबलो.

जहाजावर कुठला डबा कुठे ठेवायचा, त्या प्लॅनमध्ये हा डबा डेकवर सगळ्यांत वरच्या थरात होता. तिथे १४ टन जास्त म्हणजे जहाज डोलू लागलं की लॅशिंगच्या (डबे जखडून ठेवणाऱ्या) सळ्या आणि खालच्या डब्यांचे कोपऱ्यातले खांब यांच्यावर भलताच ताण. २००७मध्ये इंग्लिश खाडीत 'एमएससी नेपोली' या कंटेनर जहाजाचं कवच फुटलं. चुकीची वजनं हे एकच कारण नव्हतं, पण नंतर तपासलेल्या डेकवरच्या डब्यांपैकी १३७ डब्यांच्या वजनात ३ टनांहून जास्त फरक निघाला. १ जुलै २०१६पासून प्रमाणित वजनाशिवाय डबा चढवायचा नाही, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. या डब्याचं तसं प्रमाणपत्र आमच्याकडे होतं, हेच माझ्या मनाला लागलं.

वजनकाट्यावरही क्रेनवरचाच आकडा आला. मग शंका आली म्हणून त्याच पाठवणाऱ्याचे बाकीचे डबे काढले. एक यार्डात जड डब्यांच्या रांगेत होता, कागदावर २३ टन. तो काट्यावर नेला तर जेमतेम ९! नियमाप्रमाणे भरलेला डबा थेट काट्यावर घालता येतो, किंवा मालाचं वजन आणि दारावर लिहिलेलं रिकाम्या डब्याचं वजन यांची बेरीज करता येते. इथे बेरजा बरोबर होत्या, डब्यांचे नंबर अदलाबदल झाले होते.

एजंट म्हणाला, "दोन्ही मिळून वजन तेवढंच ना? जहाजाला काय फरक पडतो?" मला राग आला. वरच्या थराखाली लॅशिंग करायला माणसंच उतरतात. मी त्याला नवीन प्रमाणपत्रं आणायला सांगितलं. ती आली, प्लॅन बदलला, जड डबा तळाच्या थरात गेला. जहाज उशिरा सुटलं, त्याचा खुलासा मी वरिष्ठांना लेखी दिला.